कप्तानाचा वाकडा दात

माझा मामा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर पुढच्या खोलीत बसायचे, बाहेरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, आणि मागच्या खोलीत, जिची एकुलती एक खिडकी जिन्याकडे उघडायची, तिथे मामा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप आत पाठवायचे. मामा त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायचा आणि मेणात एकेक दात रोवत बसायचा. वितळलेल्या मेणाचा आणि पॉलिशच्या चाकाचा करपट वास त्या खोलीला होता, आणि मामाच्या शर्टांनाही होता. मामी म्हणायची, "मी लग्न माणसाशी केलं की मेणबत्तीशी, हे मला अजून नीट कळलेलं नाही."

भिंतीवरच्या फळ्यांवर साचे मांडलेले असत, प्रत्येकाच्या तळाला पेन्सिलने नाव. आसपासच्या चार गल्ल्यांची तोंडं तिथे होती. शाळेत मला उभं करून ठेवणाऱ्या बाईंचा जबडा एकदा मला त्या फळीवर दिसला आणि त्यांची भीती जी गेली ती गेलीच.

माणूस वारल्याचं कळलं की मामा त्याचा साचा खाली काढायचा, जुन्या टॉवेलात गुंडाळायचा आणि छोट्या हातोडीने फोडून टाकायचा. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला तोही असंच करायचा म्हणे. "माणूस गेला की त्याचं तोंड आपल्याकडे ठेवायचं नाही," एवढंच मामा सांगायचा. आपल्या कामाची तारीफ झालेलीही त्याला खपायची नाही. कवळी छान झालीय असं कुणी म्हणालं की हा खट्टू. "म्हणजे कळली ना ती कवळी आहे ते," म्हणायचा.

या सगळ्यात एकच साचा त्याच्या माणसाच्या मागे राहिला. तो फळीवर नव्हता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात ठेवलेला होता. तो कप्तानाचा.

कप्तान म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा. तरुणपणी जहाजांवरच्या बँडमध्ये होता, तिथली टोपी डोक्यावर राहिली आणि नावही चिकटलं. आमच्या शहरात जॅझ ऐकणारे मूठभर, पण त्या मुठीतला प्रत्येक जण कप्तानाने आपल्याशीच कसा हात मिळवला होता ते सांगायला टपलेला. भिंतीवर त्याची पोस्टरं लागायची. टोपी मागे सरकवलेली, तोंडभर हसू, आणि पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. बायका म्हणे त्या दातावर जीव टाकायच्या. मामीसुद्धा त्यातलीच होती, पण तिने ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

ऐन भरात असताना एकदा हा माणूस हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून पडला. हातात वाद्य होतं. वाद्य वाचवायला दोन्ही हात वर धरले आणि तोंड पायरीवर आपटलं. ट्रम्पेटला पोचासुद्धा आला नाही, कप्तानाचे पुढचे चार दात गेले. लोकांना सांगितलं, कावीळ झालीय, विश्रांतीला गेलाय. आणि एका दुपारी तो तोंडावर रुमाल धरून जिन्याच्या बाजूने मामाच्या खोलीत आला.

मामा तेव्हा ऐन उमेदीत होता. त्याने जीव ओतून चार दात केले. सरळ, सारखे, मोत्यासारखे. कप्तानाने ते बसवले, ट्रम्पेट ओठांना लावलं आणि फाटक्या पिपाणीसारखा आवाज निघाला. ट्रम्पेट ओठांवर दाबून वाजवतात. ओठांमागे जे दात असतात त्यांच्याशी ओठाची वर्षानुवर्षांची ओळख असते, आणि इथे तर सगळे परके बसले होते. कवळी घट्ट केली, पातळ केली, पुन्हा केली. महिने गेले. कप्तान स्टुलावर बसायचा, रुमाल तोंडावर.

मग मामाला आपली चूक उमगली. त्याने रस्त्यावरचं एक जुनं पोस्टर अलगद सोडवून आणलं आणि त्यावर भिंग धरलं. "मी दात सरळ लावले होते," मामा सांगायचा. "दात सरळ लावायचे, हेच शिकलो होतो. वाकडा लावायचा असतो हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या कुणी, अगदी चांभारानेसुद्धा, त्याला आधी विचारलं असतं, बाबा तुझे होते कसे?" मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक दात मुद्दाम वाकडा रोवला, शेजारच्यावर चढवला, कड घासली. डॉक्टरांनी पाहिलं आणि भडकले. असलं काम माझ्या दवाखान्यातून बाहेर जाणार नाही, म्हणाले. ते जेवायला घरी गेले तेव्हा कप्तान आला, दात बसवले आणि जिन्यात उभा राहून वाजवायला लागला. वरच्या मजल्यावरचे लोक भांडायला म्हणून बाहेर आले ते कठड्याला टेकून उभेच राहिले.

कप्तानाने मामाचे दोन्ही हात धरले. म्हणाला, "मी जिवंत आहे तोवर ब्र काढायचा नाही. नंतर काय वाटेल ते सांग."

मामाने शब्द पाळला. कप्तान पुढे कितीतरी वर्षं वाजवत राहिला, म्हातारा होऊन गेला, आणि मगच मामाने आधी मामीला आणि मग ठोकेकाकांना सांगितलं. ठोकेकाका कप्तानाच्या बँडमधले ड्रमवाले. खरं नाव वेगळं, पण हाताला स्वस्थता नाही, टेबल दिसलं की ठोके सुरू. मामाच्या शेजारच्या घरात राहायचे आणि संध्याकाळचा चहा आमच्याकडेच.

"थाप," काका म्हणाले. "एवढी वर्षं मी त्याच्या मागे बसलोय. मला कळलं नसतं?"

"मागे बसलास," मामा म्हणाला. "दात पुढे असतात."

काका हसले नाहीत. कप्तान त्यांचा देव होता आणि देवाला कवळी असते हे त्यांना सहन होईना. त्यांनी हे गल्लीभर केलं. मामा साचा दाखवायचा, तर काका म्हणायचे, प्लास्टरवर पेन्सिलने नाव लिहायला काय लागतं? मामाला थापाड्या म्हणणारे निघाले. तोंडावर नाही म्हणायचे, पण तो आला की "या कप्तानाचे दातकरी" असं काहीतरी. मी स्वतः वाचनालयात नोकरीला, पुरावा नसलेल्या गोष्टींवर नाक मुरडायची सवय लागलेली. मलाही वाटायचं, मामा एरवी खोटं बोलत नाही, पण इथे जरा रंगवतोय.

अशातच तो चरित्रकार उगवला. उंच, दाट केसांचा, टेपरेकॉर्डर घेऊन. कप्तानाचं चरित्र लिहीत होता. मामाने त्याला सगळं सांगितलं, साचा दाखवला. चरित्रकार हरखला. साच्यातले बाकीचे दात जुन्या फोटोंशी जुळवून पाहता येतील, पुस्तकात साच्याचा फोटोच छापू, म्हणाला. चांगला फोटोवाला घेऊन येतो म्हणाला आणि गेला. मामाने डबा कपाटावर ठेवला. "पुस्तक आलं की फोडीन," म्हणाला.

आणि ते पुस्तक येईना.

पहिला प्रकाशक बुडाला. दुसऱ्याने पानं निम्मी करा म्हणून सांगितलं, त्यावरून भांडण. मग चरित्रकाराला कुठल्याशा बंदरात कप्तानाची जुनी रेकॉर्डिंगं सापडली आणि त्याने सुरुवातीपासून पुन्हा लिहायला घेतलं. मग त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन. दर वेळी कुठेतरी माशी शिंकायचीच. प्रकाशकांच्या याद्या आमच्या वाचनालयात यायच्या, 'आगामी' या मथळ्याखाली कप्तानाचं चरित्र दर वर्षी असायचं, आणि दर वर्षी मामा मला विचारायचा, आणि मी म्हणायची, "येतंय." शेवटी मामीने पुस्तकाचं नावच 'येतंय' ठेवलं. "तुझ्या 'येतंय'चं काय झालं?" असं ती विचारायची. ठोकेकाकांचं मत पक्कं होतं. "हे भिजत घोंगडं वाळायचं नाही. तो कप्तानाचं आयुष्य लिहिण्यात स्वतःचं घालवणार."

मामी गेली तेव्हाही ते येतच होतं. तिची कवळी मामानेच केली होती. त्याच आठवड्यात त्याने तिचा साचा खाली काढला, टॉवेलात गुंडाळला आणि फोडला. मी म्हटलं, "मामा, हा तरी ठेव." तो म्हणाला, "नियम म्हणजे नियम." मग कपाटावरच्या डब्याकडे बघून म्हणाला, "त्याचं काम व्हायचंय अजून."

दवाखाना बंद झाला. मामा घरी बसला, हात कापायला लागले, डोळे मंदावले. आता त्याला कशाचीच हौस उरली नव्हती, एक सोडून. आपण खोटं बोललो नाही हे एकदा कुणीतरी छापून म्हणावं. तसं तो बोलून दाखवायचा नाही, पण मी आत आले की आधी माझ्या पिशवीकडे बघायचा, तेवढ्यावरून कळायचं.

आणि एका सकाळी चरित्रकाराचा फोन आला. पुस्तक खरोखरच छपाईला चाललं होतं. कवळीचं एक अख्खं प्रकरण होतं. फोटोवाल्याला घेऊन उद्या येतो, म्हणाला. मामाने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. ठोकेकाकांना मुद्दाम निरोप पाठवला, उद्या दुपारी ये, तुझ्या समोर फोटो काढू दे. मी रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच दार वाजलं. दारात साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. कप्तानाची मुलगी. चरित्रकाराने तिला ते प्रकरण वाचायला पाठवलं होतं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची ती धंद्याची खोड, माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघायचा नाही. मीही पाहिलं. पुढचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला. त्याची नजर कळताच तिने पटकन तोंडावर हात धरला.

"काका, तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं आहे," ती हाताआडून म्हणाली. "मला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी ती कवळी माझ्या हातात वाटीत घालून दिली. लोक दर्शनाला यायच्या आत मी ती बाबांना बसवत होते. मला जमेना. मी उलटी घालत होते."

"बोलवायचं होतंस मला," मामा म्हणाला.

"मला कुठे ठाऊक होतं कुणी केलीय ते?" ती म्हणाली. "शेवटी शेवटी नर्स ती काढून ठेवायच्या. मी खोलीत गेले की बाबा असा हात धरायचे तोंडावर. पाणीसुद्धा माझ्यासमोर प्यायचे नाहीत. पोटच्या मुलीसमोर. आता पुस्तकात तो साचा येणार, पुढचे दात नसलेला, सगळ्यांनी बघायला. काका, तो हात मी कसा बाजूला करू?"

मला राग आला. इतकी वर्षं हा माणूस लोकांचं ऐकून घेतोय, आणि ऐन वेळी ही आली. मी म्हटलं, "तुमच्या बाबांनीच परवानगी दिली होती. मी मेल्यावर सांग, म्हणाले होते."

"दिली असेल," ती म्हणाली. "तुमच्याशी भांडायला नाही आले मी. लेखक म्हणतात, साचा मिळाला तर ते छापणार. म्हणून विचारायला आले."

मामाने विचारलं, "तुझा तो दात दुखतो कधी? थंड लागलं की?"

ती गोंधळली. "दुखतो थोडा."

"तिथे ब्रश नीट पोचत नाही. मऊ ब्रश घे, आणि उभा फिरव." मग म्हणाला, "हात खाली घे, बाळ. छान आहे तो." तिने हात खाली घेतला. मामाने एकदा नीट बघून घेतलं आणि मान हलवली. ती गेल्यावर त्याने डबा कपाटावरून काढायला लावला आणि स्वतःच्या उशीमागे सरकवून वर चादर ओढली.

दुपारी चरित्रकार आला. दाट केसांतला एकही उरला नव्हता, काठी हातात होती. मागे फोटोवाला, दिव्यांच्या पेट्या घेऊन. ठोकेकाका आधीच येऊन खुर्चीच्या हातावर ठोके देत बसले होते.

मामा म्हणाला, "साचा नाही. फोटो काढायला काही नाही."

"फुटला?" चरित्रकार मटकन बसला.

"नव्हताच त्याचा. मी बढाई मारत होतो. मोठ्या माणसाचं नाव आपल्याला चिकटावं म्हणून. एकदा बोललो आणि मग मागे येता येईना. ते प्रकरण काढून टाका."

मी त्याच्या मागे उभी होते. त्याच्या उशीमागे फुगलेली चादर मला दिसत होती. चरित्रकाराने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं मी हे खरं धरून चाललो."

"चूक झाली," मामा म्हणाला.

ठोकेकाकांचे ठोके थांबले होते. जिंकल्यावर ते नाचतील असं मला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "सोड रे. म्हातारपणी माणूस काय काय बोलतो." ते मला जास्त लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतर गल्लीतलं चिडवणं बंद झालं. आता लोक मामाशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. मला कुणालातरी धरून हलवावंसं वाटायचं. एकदा मी तसं बोललेही, की मी जाऊन सांगते काकांना. मामा म्हणाला, "सांगायचंच असतं तर मीच नसतं का ठेवलं माझं खरं करून?"

आणि मग पुस्तक आलं. वाचनालयात यायच्या आधीच ठोकेकाका ते काखेत मारून आमच्याकडे हजर. जाडजूड, मुखपृष्ठावर टोपी. "माझं नाव आहे बरं का, बऱ्याच ठिकाणी," ते म्हणाले. मग ओशाळून म्हणाले, "तुझं नाहीये."

"नसणारच," मामा म्हणाला. "बघू."

काकांनी मधली फोटोंची पानं उघडली आणि एकावर बोट ठेवलं. "हे बघ. शेवटच्या कार्यक्रमातला. वाच गं जरा मोठ्यांदा, खाली काय लिहिलंय ते."

मी वाचलं. "अखेरच्या वर्षातला कार्यक्रम. कप्तानाचा तो प्रसिद्ध वाकडा दात इथे स्पष्ट दिसतो. तरुणपणापासून अखेरपर्यंत त्याचं हसू बदललं नाही."

"तेच तर मी म्हणत होतो पहिल्यापासून," काका म्हणाले, पण हळू आवाजात. "तोच दात."

मामाने हात पुढे केला. मी भिंग दिलं. भिंग कापत होतं म्हणून त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि त्या पानावर वाकला. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. माझ्या ओठांवर शब्द आले होते. त्याने वर न बघता माझं मनगट धरलं.

"तोच आहे," मामा म्हणाला. "तुझंच बरोबर होतं."

काकांनी चहा अर्धाच घेतला. जाताना पुस्तक टेबलावरच ठेवलं. "राहू दे तुला," म्हणाले, "मी दुसरं घेईन."

ते गेले आणि मामा रडायला लागला. मामी गेली तेव्हाही मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता. त्या पुस्तकात त्याला नाव हवं होतं. सगळं हातातून सोडून दिल्यावरही हवं होतं, हे मला माहीत आहे, कारण काकांनी पुस्तक उघडलं तेव्हा तो श्वास रोखून बसला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मेणाचा वास त्या शर्टाला अजून येत होता.

मग त्याने डोळे पुसले. "कड जरा जास्त घासली गेलीय माझ्याकडून," म्हणाला. "डावीकडची. भिंगातून दिसते. नुसत्या डोळ्यांना नाही दिसत."

"नाही दिसत, मामा."

"डबा आण. आणि हातोडी."

मी साचा टॉवेलात गुंडाळला. त्याने हातोडी उचलली, पण ती हातात ठरेना, म्हणून त्याने टॉवेलाची टोकं धरली आणि हातोडी मला दिली. "घाबरत मारू नकोस," म्हणाला. "एकदाच, नीट." मी मारली. आत काहीतरी मऊसर मोडल्याचा आवाज झाला.

"परत वाच ते," मामा म्हणाला.

मी वाचलं.

"'बदललं नाही' असंच छापलंय ना?"

"तसंच छापलंय."

"बरं," मामा म्हणाला, आणि टॉवेल उघडून प्लास्टरचा चुरा तळहाताने एका बाजूला करू लागला.